इंजिन बांधायचं की बदलायचं? जुना १११३, ओएम ३५२

बोनेटवाला
नमस्कार मंडळी. माझ्याकडे मर्सिडीजचा आखूड बोनेटचा १११३ आहे, आत मूळचं ओएम ३५२. सहा सिलिंडर, ९७ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), १२८ मिमी स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव), ५६७५ सीसी, टर्बो नाही. ट्रक आता माल वाहत नाही, पण शोभेला उभाही नाही. लांबच्या रस्त्यांवर नियमित चालतो आणि पुढेही चालवायचा आहे.

इंजिन मात्र थकलंय. सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो. सुरू झाल्यावर पांढरा धूर येतो, गरम झाला की तो जातो, पण चढावर लोड आला की निळसर धूर सुरू. ऑइल पितं. ऑइल भरायचं झाकण उघडलं की भपकारे येतात. गरम इंजिन आयडलला असताना प्रेशरचा काटा जवळजवळ तळाला टेकतो.

तीन वाटा दिसतात. हेच इंजिन पूर्ण खोलून बांधायचं. नाहीतर वापरलेलं ओएम ३६६ शोधायचं, म्हणजे याच घराण्यातलं पुढचं. किंवा वेगळ्याच कंपनीचं तुलनेने नवं इंजिन बसवायचं. एक मेस्त्री म्हणतात "बांधा", दुसरे म्हणतात "फेका". दोघांनीही इंजिन खोललेलं नाही. तुम्ही कशावरून ठरवता?

लांबचा_रस्ता
दादा, तुम्ही लिहिलेल्या लक्षणांपैकी निम्मी इंजिनच्या पोटाबाहेरची असू शकतात. सकाळचा पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. त्याला कमी कॉम्प्रेशन कारण असेल, पण इंजेक्टरचं नोझल टपकत असेल, पंपाचं टायमिंग मागे गेलं असेल किंवा बॅटरी-स्टार्टर थकून इंजिन हळू फिरत असेल तरीही हेच दिसतं. हळू फिरणाऱ्या डिझेल इंजिनात हवा तापायच्या आतच गळून जाते. आधी बॅटरी, अर्थिंगची वायर आणि स्टार्टर तपासा. सगळे इंजेक्टर काढून टेस्टरवर लावा. टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्ह आणि रॉकरमधलं, अंतर बघा. डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नका, ब्लॉकला थेट यांत्रिक गेज जोडून प्रेशर घ्या.

मायक्रोमीटर
वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. मी पुढची पायरी सविस्तर लिहितो, कारण निर्णय इथेच होतो आणि बहुतेक जण हीच पायरी गाळतात.

पहिली चाचणी कॉम्प्रेशनची. इंजिन गरम करा, सगळे इंजेक्टर काढा, डिझेलचा पुरवठा बंद ठेवा आणि इंजेक्टरच्या भोकातून गेज लावा. आकडा किती आला यापेक्षा सहा आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत ते बघा. सगळे सारखेच खाली असतील तर इंजिन सरळ झिजलंय. एक-दोनच खाली असतील तर तिथे काहीतरी वेगळं घडलंय. पेट्रोल इंजिनात कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. डिझेलमध्ये ही युक्ती फसवते. पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा इतकी कमी असते की तेवढ्या ऑइलनेच आकडा चढतो, आणि जास्त ऑइल पडलं तर कनेक्टिंग रॉड वाकायची भीती.

म्हणून डिझेलला लीकडाऊन चाचणी. पिस्टन बरोबर टीडीसीला, म्हणजे सगळ्यात वरच्या टोकाला, आणायचा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, आणि इंजेक्टरच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची. मग कान द्यायचा. सायलेन्सरच्या पाइपात फुसफुस ऐकू आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. एअर क्लीनरच्या बाजूला आली तर इनलेट व्हॉल्व्ह. ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा आणि बोअर. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर गॅस्केट गेलंय किंवा हेड-ब्लॉकला चीर आहे. टीडीसी जरा जरी चुकला तर हवेच्या दाबाने इंजिन गर्रकन फिरतं, तेव्हा क्रँकच्या नटावर पाना लावून ठेवू नका.

ऑइलचं प्रेशर दोनदा घ्या, गरम आयडलला आणि गरम असतानाच वाढवलेल्या आरपीएमला. आयडलला कमी पण वर नीट चढत असेल तर बेअरिंग झिजलीत, पण अजून तग धरून आहेत. वरही चढत नसेल तर गाडी चालवणं थांबवा. त्या अवस्थेत चालवलेलं प्रत्येक अंतर क्रँक खातं, आणि क्रँक गेला की बांधायचा हिशेब पुरता बदलतो.

एक मुद्दा धुराचा. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला की निळा धूर येतो, म्हणजे व्हॉल्व्ह गाइड गेले, असं सगळीकडे सांगतात. ते पेट्रोलला लागू. तिथे थ्रॉटल बंद झाल्यावर इनलेटमध्ये निर्वात तयार होतो आणि गाइडमधून ऑइल ओढलं जातं. तुमच्या डिझेलला थ्रॉटलच नाही. लोडवर निळा धूर आणि झाकणातून भपकारे ही जोडी माझ्या मते रिंगांकडे बोट दाखवते.

जुनं ऑइल काढाल तेव्हा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. लोखंड जास्त आलं तर बोअर आणि रिंगा, शिसं-तांबं आलं तर बेअरिंग, सिलिकॉन आलं तर बहुधा धूळ आत जातेय.

नवा_पाना
काका, इतकी तपासणी करत बसण्यापेक्षा सरळ कमिन्स ६बीटी का नको? ५.९ लिटर, म्हणजे जवळपास तुमच्याइतकंच, पण टर्बो. १९८९ च्या डॉज पिकअपमध्ये हेच इंजिन १६० अश्वशक्ती आणि ४०० पाउंड-फूट टॉर्क देत होतं. पार्ट जगभर मिळतात. जुन्या इंजिनावर खर्च करून शेवटी जुनंच इंजिन राहणार ना?

सहा_सिलिंडर
नवा_पाना, इंजिन उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ट्रकमध्ये ते एकटं जात नाही.

ओएम ३५२ ची पूर्ण शक्ती २८०० आरपीएमला. तुम्ही सांगितलेल्या डॉजमधल्या ६बीटीची २५०० ला. गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल तेच ठेवला तर आज जिथे गाडी ८० ने जाते तिथे ती साधारण ७१ वर अडकेल. म्हणजे डिफरन्शियलचं गुणोत्तर बदला किंवा ओव्हरड्राइव्हचा गिअरबॉक्स शोधा. ४०० पाउंड-फूट म्हणजे सुमारे ५४० न्यूटन-मीटर. जुन्या गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट आणि क्लच तेवढ्यासाठी बनलेले आहेत का? बेल हाउसिंगला ॲडॉप्टर प्लेट लागेल, आणि ती इतकी अचूक हवी की क्रँक आणि इनपुट शाफ्ट एका रेषेत राहतील. नाहीतर पायलट बेअरिंग आणि क्लच पुन्हापुन्हा जाणार. इंजिन माउंट नवे, रेडिएटरला टर्बोच्या उष्णतेचा विचार, सायलेन्सरचा रस्ता नवा, ॲक्सिलरेटरची जोडणी नवी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ब्रेकची हवा. एअर कॉम्प्रेसर इंजिनवर बसतो, त्यालाच ऑइल आणि पाणी इंजिनातून मिळतं. पिकअपमधून काढलेल्या ६बीटीवर तो नसेल. पॉवर स्टिअरिंग असेल तर त्याचा पंपही बघायला हवा. हे सगळं करता येतं, लोकांनी करून दाखवलंय. पण तेव्हा तुलना "इंजिन बांधणं की दुसरं इंजिन" अशी राहत नाही, एका बाजूला इंजिन आणि दुसऱ्या बाजूला अर्धा ट्रक असतो.

६बीटीला लायनर (ब्लॉकमध्ये बसवलेली वेगळी नळी) नसतात, बोअर थेट ब्लॉकमध्ये. उद्या तेही झिजलं तर तेच बोअरिंग करावं लागणार.

शॉर्टब्लॉक
मी इंजिन बदलणाऱ्यांच्या बाजूने लिहितो, कारण इथे सगळे बांधण्याकडे झुकताहेत.

माझा पिकअप पेट्रोल आहे, फोर्डचं ३०० घन इंचाचं सरळ सहा सिलिंडर. १९६५ ते १९९६ इतकी वर्षं बनलेलं इंजिन, सात मेन बेअरिंग, टायमिंगला चेनऐवजी गिअर. मजबूत म्हणून नाव आहे. तरी माझं मी बांधलं नाही. मेन बेअरिंग घरातच फिरलं होतं, ब्लॉकमधलं घर खराब, लाइन बोअरिंग (मेन बेअरिंगची सगळी घरं एका रेषेत कापणं) नीट करून देणारं कुणी मिळेना. तेव्हा त्याच जातीचं बांधून तयार असलेलं इंजिन घेतलं. माउंट तेच, बेल हाउसिंग तेच, गिअरबॉक्स तोच. आजही त्या निर्णयाने मी समाधानी आहे.

माझ्या मते इंजिन बदलावं ते असं काही असेल तर: ब्लॉकला दोन बोअरच्या मधे किंवा बेअरिंगच्या घराजवळ चीर, रॉड तुटून ब्लॉकला पडलेलं भोक, क्रँक शेवटच्या अंडरसाइजच्याही (घासून कमी केलेलं माप) पलीकडे गेलेला, बोअर शेवटच्या ओव्हरसाइजला (कापून वाढवलेलं माप) आणि लायनर घालायला भिंत उरलेली नाही. आणखी एक, ज्याबद्दल कुणी बोलत नाही: जवळपास विश्वासाचं मशीनशॉप नसणं. वाईट बांधलेलं इंजिन वापरलेल्या चांगल्या इंजिनापेक्षा वाईट.

विकत घेताना शब्द नीट विचारा. शॉर्ट ब्लॉक म्हणजे ब्लॉक, क्रँक, रॉड, पिस्टन. लाँग ब्लॉकमध्ये हेड आणि व्हॉल्व्हची यंत्रणाही येते. इंजेक्शन पंप, टर्बो, वॉटर पंप बहुधा दोन्हीत नसतात. "रंगवलेलं" आणि "बांधलेलं" यातला फरक कागदावर मागा: कुठल्या साइजचे पिस्टन, कुठल्या साइजच्या बेअरिंग, कोणती मापं घेतली. मापं देऊ न शकणाऱ्याकडून इंजिन घेऊ नका.

बोनेटवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे तपासण्या केल्या.

कॉम्प्रेशन: चार सिलिंडर २१ ते २२ बार, तिसरा १७, सहावा १६. लीकडाऊनला तिसऱ्याची हवा सायलेन्सरमध्ये, सहाव्याची सरळ ऑइलच्या झाकणातून. बाकीच्या चारांतही झाकणातून हवा येते, पण कमी. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत. यांत्रिक गेजवर गरम आयडलला ०.६ बार, २००० च्या वर २.५. सहावा इंजेक्टर टेस्टरवर टपकतोय, बाकीच्यांचा फवाराही फार चांगला नाही. ऑइलच्या अहवालात लोखंड आणि सिलिकॉन दोन्ही वाढलेले, शिसं थोडं.

मायक्रोमीटर
तुमचं इंजिन बरंच बोलकं निघालं. तिसऱ्याचा प्रश्न हेडचा आहे, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसत नाही. सहाव्याला टपकणाऱ्या नोझलने धुतलंय. भिंतीवरचं ऑइल डिझेलने धुऊन जातं आणि रिंग कोरडी घासते. नोझल दुरुस्त न करता नवा पिस्टन घातला तर तोही तसाच जाईल.

मला काळजी सिलिकॉनची वाटते. एअर क्लीनरपासून इनलेट मॅनिफोल्डपर्यंतचा रबरी पाइप काढून वाकवून बघा, क्लिपखाली बघा, ऑइल बाथ क्लीनरचं सील बघा. धूळ क्लीनरच्या पुढून शिरत असेल तर नवं बांधलेलं इंजिनही तिला पुरं पडणार नाही. दुसरं इंजिन बसवलंत तरी तोच पाइप त्याला जोडला जाईल.

तेलकट_हात
मी बरीच वर्षं हेच काम करतोय. सहावा सिलिंडर आणि हेड एवढंच बघून हाफ इंजिन करता येईल का? हेड काढा, व्हॉल्व्ह सीट ग्राइंड करा, पिस्टन वरून काढून नव्या रिंगा, हलकं होनिंग (बोअरची भिंत दगडाने घासणं), नव्या रॉड बेअरिंग. क्रँक खाली तसाच. अशी इंजिनं पुढे चांगली चाललेली मी पाहिलीत.

मायक्रोमीटर
तेलकट_हात, चालतात हे खरं. पण बोअर मोजल्याशिवाय नको. झीज सगळ्यात जास्त कुठे होते? रिंग वर जाऊन उलटी फिरते त्या जागी, कारण तिथे दाब जास्तीत जास्त आणि ऑइल कमीत कमी. म्हणून बोअर वर रुंद, खाली अरुंद होतो. समजा हा फरक ०.२० मिमीचा आहे. रिंगेचं तोंड प्रत्येक फेरीत ०.२० गुणिले पाय, म्हणजे ०.६ मिमीहून जास्त उघडतं आणि मिटतं. खाली अडकू नये म्हणून गॅप ठेवला तर वर तो भलामोठा होतो, जिथे खरं कॉम्प्रेशन धरायचंय तिथेच. शिवाय जुनी रिंग जिथपर्यंत जायची त्याच्यावर एक कडा उरते. नवी रिंग धारदार असते, ती त्या कडेला आपटून तुटू शकते. झीज पुस्तिकेच्या मर्यादेत असेल तर हाफ इंजिन प्रामाणिक काम आहे. मर्यादेबाहेर असेल तर तेच काम थोड्याच काळात पुन्हा करावं लागतं.

तेलकट_हात
पटलं. मोजूनच ठरवू द्या.

बोनेटवाला
हेड आणि संप (खालचं ऑइलचं भांडं) दोन्ही उतरवले. मापं देतो.

डायल बोअर गेजने सहाव्यात वर-खाली फरक ०.२२ मिमी, बाकीच्यांत ०.१४ ते ०.१७. रॉड बेअरिंगचा वरचा थर काही ठिकाणी जाऊन तांबूस रंग दिसतोय. क्रँकवर बारीक रेघा आहेत, नखाला लागतात, पण खोल खड्डे नाहीत, जळून निळा पडलेला भाग नाही. आणि बेअरिंगच्या पाठीवर "स्टँडर्ड"चा शिक्का आहे, मेन आणि रॉड दोन्हीकडे. पिस्टनच्या डोक्यावरही ओव्हरसाइजचा आकडा नाही.

रबरी पाइप आतल्या वळणावर फाटलेला निघाला, बरोबर क्लिपच्या खाली, बाहेरून दिसतच नव्हता.

सहा_सिलिंडर
माझ्यासाठी या धाग्यातली सगळ्यात मोठी बातमी तो शिक्का आहे. याचा अर्थ हा क्रँक आजवर कधी ग्राइंड झालेला नाही आणि बोअरही मूळ मापाचा. नेहमीच्या पायऱ्या ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी अशा असतात. तुम्ही अजून पहिल्या पायरीवरही नाही. या ब्लॉकमध्ये एक नाही, आणखी काही आयुष्यं शिल्लक आहेत.

आता ओएम ३६६ शी तुलना करा. ९७.५ बाय १३३, ५९५८ सीसी, वाढलेला स्ट्रोक, घराणं एकच. ब्लॉक फुटला असता तर मी तुम्हाला तिकडेच जा म्हणालो असतो. पण वापरलेल्या ३६६ चा क्रँक कुठल्या पायरीवर आहे, हे न खोलता कुणी सांगू शकणार नाही. तुमचं इंजिन आत्ता टेबलावर मापांसह पडलंय. माहिती असलेलं झिजलेलं इंजिन सोडून माहिती नसलेलं घ्यायचं, याला मला तरी कारण दिसत नाही. बांधा.

शॉर्टब्लॉक
हे आकडे बघून मीही "बांधा" म्हणतो, एका अटीवर. एकही पार्ट विकत घेण्याआधी ब्लॉक, हेड आणि क्रँक तिन्हींची चिरांसाठी तपासणी करा, लोखंडाला मॅग्नाफ्लक्स (चुंबकाने चीर दाखवणारी चाचणी) चालतं. हेडमध्ये व्हॉल्व्ह सीटच्या मधे आणि इंजेक्टरच्या भोकाजवळ नीट बघायला सांगा. सगळं स्वच्छ निघालं तरच पुढे. तीन पार्ट आणून मग ब्लॉक फुटका निघाला, असं व्हायला नको.

मायक्रोमीटर
मशीनशॉपला द्यायच्या आधी काही गोष्टी लिहूनच द्या, तोंडी सांगितलेलं राहून जातं.

बोअर करायचा तो पिस्टन हातात आल्यावर. पिस्टन मोजून त्याच्या क्लिअरन्सप्रमाणे बोअर होतो, डब्यावरच्या आकड्याप्रमाणे नाही. पहिल्या ओव्हरसाइजला सहावा साफ होतो का ते आधी बघा. होत नसेल तर सगळे दुसऱ्या मापाला न्या किंवा कोरडे लायनर घालून मूळ मापावर आणा, पण सहाही पिस्टन एकाच मापाचे आणि वजनाने जुळणारे ठेवा. होनिंगच्या तिरक्या रेघा दिसल्या पाहिजेत, आरशासारखा बोअर ऑइल धरत नाही.

क्रँक ग्राइंड करताना जर्नलच्या (बेअरिंग बसते त्या भागाच्या) कोपऱ्यातली गोलाई कायम राहिली पाहिजे. कोपरा काटकोनी झाला की क्रँक तिथूनच तुटतो. पृष्ठभाग कसा कडक केलेला आहे तेही विचारा. नायट्राइड असेल तर तो थर पातळ असतो आणि ग्राइंडिंगमध्ये निघून जातो, मग पुन्हा कडक करून घ्यावा लागतो. मेन कॅप ज्या जागेची त्याच जागी, त्याच दिशेने, नंबर बघूनच.

हेडचं तळ घासायचं असेल तर कमीत कमी. हेड खाली आलं की व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात आणि इंजेक्टरचं टोक जास्त बाहेर डोकावतं. व्हॉल्व्ह सीटपेक्षा किती आत बसलेत आणि टोक किती बाहेर आहे, दोन्ही मोजून घ्या. इंजेक्टरखालचा वॉशर बदलून टोकाची उंची सावरता येते.

बोनेटवाला
ठरलं. इंजिन बांधतोय. ब्लॉक, हेड, क्रँक तपासणीला गेलेत. ब्लॉक बाथमध्ये घालून ऑइलचे सगळे रस्ते प्लग काढून साफ करायला सांगितलंय. पंप आणि सहाही इंजेक्टर कॅलिब्रेशनला, नवा रबरी पाइप, नव्या क्लिपा. ऑइल पंप, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, क्लच प्लेट, इंजिन माउंट हे आत्ताच बदलतो, पुन्हा इंजिन उतरवायचं नाही. रेडिएटरही रोडिंगला (सळई घालून नळ्या साफ करायला) दिलाय.

एक शेवटचा प्रश्न. बांधून झाल्यावर पहिल्यांदा सुरू कसं करायचं? मला कुणी म्हणालं की सुरुवातीला तासन्‌तास आयडलला ठेवायचं, लोड द्यायचाच नाही.

लांबचा_रस्ता
तसं करू नका. डिझेलमध्ये नव्या रिंगा दाबाने बोअरवर बसतात, आणि दाब लोडमधून येतो. बिनलोडचं तासन्‌तास आयडल केलं तर होनिंगच्या रेघांवर ऑइलचा कडक थर चढतो, बोअर गुळगुळीत होतो आणि रिंगा कधीच नीट बसत नाहीत. नवं इंजिन ऑइल पितंय म्हणून पुन्हा खोलावं लागलेलं मी पाहिलंय, कारण एवढंच होतं.

बांधताना बेअरिंग, कॅम, टॅपेटला असेंब्ली लूब्रिकंट लावा. सुरू करण्याआधी स्टॉप (डिझेल बंद करणारी ओढ) ओढून ठेवून सेल्फने थोडं थोडं फिरवा, गेजवर ऑइलचं प्रेशर दिसेपर्यंत डिझेल देऊ नका. फिल्टर आधी भरून बसवा. डिझेल लाइनमधली हवा काढून ठेवा, म्हणजे सेल्फला लांबवर मारावं लागणार नाही. सुरू झालं की प्रेशर, गळती, पाण्याचं तापमान बघा आणि गरम होताच रस्त्यावर घ्या. मध्यम लोड, वर-खाली होणारा वेग, एकाच आरपीएमवर लांब पल्ला नाही, इंजिन दबून ओढेल असा वरचा गिअर नाही. पहिलं ऑइल आणि फिल्टर लवकर बदला, फिल्टर कापून आत चमकणारे कण बघा. हेड बोल्ट पुन्हा कसायचे की नाही आणि कधी, ते तुम्ही घेतलेल्या गॅस्केटच्या सूचनेप्रमाणे, त्यानंतर टॅपेट पुन्हा मोजा. काही तास चालल्यावर रबरी पाइपच्या क्लिपाही एकदा आवळून घ्या.

बोनेटवाला
स्टॉप ओढून फिरवायचं आणि गेज आधी जोडायचं, हे लिहून घेतलं. तपासणीचा अहवाल आला की क्रँकची नवी मापं आणि बोअर कुठल्या साइजला गेला ते इथेच टाकतो. रबरी पाइपचा फोटोही टाकतो. ज्यांच्याकडे हेच मॉडेल आहे त्यांनी आपापला पाइप क्लिप सोडून आतून बघून घ्या.